मदत हवी आहे: हृदय रक्तानं भरलेलं असताना हृदयालाच रक्त कमी कसं पडतं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. औषधाचा सल्ला नको आहे, त्यासाठी डॉक्टर आहेत. मला समजावून सांगायला शब्द हवे आहेत.

आमचे आबा (वडील), वय ७१, करवीर तालुक्यात ऊसशेती. जोतिबाचा डोंगर चढताना छातीवर पोतं ठेवल्यासारखं झालं, बसल्यावर पाच मिनिटांत गेलं. 'पित्त असंल' म्हणत पंधरा दिवस काढले. शेवटी ओढून शहरात नेलं. अँजिओग्राफीत एका रक्तवाहिनीत ९० टक्के अडथळा निघाला, त्याच बैठकीत स्टेंट बसवला. सगळं व्यवस्थित झालं.

घोळ आता सुरू झालाय. आबा गोळ्या घ्यायला तयार नाहीत, कारण त्यांना आजारच पटलेला नाही. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं देतो: "हिरीत पाणी हाय, मोटारीत पाणी हाय, पायपात पाणी हाय, रान भिजाय लागलंय. आणि तू म्हणतोस मोटारीलाच पाणी मिळंना. असं कुठं असतंय व्हय?"

मी पोरीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. वरचे दोन कप्पे अलिंद, खालचे दोन निलय, उजवीकडून रक्त फुप्फुसात, तिथून डावीकडे, डावीकडून सगळ्या अंगात. आबांनी चष्मा लावून ते चित्र दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "ह्यात तर सगळीकडं रगातच हाय. दुष्काळ कुठं पडलाय दाव." खरं सांगतो, मलाही दाखवता आला नाही. त्या चित्रात तो नाहीच.

दुसरं, स्टेंट बसवताना तार मनगटातून घातली होती. मनगटातून हृदयात कशी पोचते? वाटेत झडपा आडव्या येत नाहीत? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडू_फळा

आबांचा प्रश्न फर्स्ट क्लास आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, पहिल्या वर्षाची मुलं इतकं नेमकं विचारत नाहीत.

दुष्काळ भिंतीत आहे. हृदयाचे कप्पे म्हणजे पोकळी, आणि काम करतो तो पोकळीभोवतीचा स्नायू. डाव्या निलयाची भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड असते. आतून वाहणाऱ्या रक्ताचा फायदा तिच्या अगदी आतल्या पातळ थराला होतो, त्यापलीकडे ते झिरपत नाही. बेडकाचं तसं नाही. त्याच्या निलयाची भिंत स्पंजासारखी असते, आतलंच रक्त फटीफटींतून शिरून तिला पोसतं. आपला स्नायू जाड आणि घट्ट, त्याला बाहेरून वेगळी लाईन लागते.

ती लाईन म्हणजे हृदयाच्या रोहिण्या (रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी नळी), ज्यांना सगळे कोरोनरी म्हणतात. डाव्या निलयातून महारोहिणी, म्हणजे सगळ्या अंगाला रक्त नेणारी मुख्य नळी, निघते. तिच्या तोंडाशी झडप, आणि झडपेच्या जरासं वर दोन छिद्रं. तिथून डावी आणि उजवी कोरोनरी निघून हृदयाच्या पाठीपोटावर पसरतात. म्हणजे हृदय सगळ्या शरीराला रक्त देण्याआधी पहिला वाटा स्वतःला काढून घेतं. विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर पडतं, त्यातलं पाव लिटरच्या आतबाहेर या लाईनीत जातं. नळ्या जेमतेम ३-४ मिलिमीटरच्या. त्यातल्या एकीत ९० टक्के गाळ म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगायला नको.

आता डोंगरावरच का दुखलं ते. हृदय आवळतं तेव्हा त्याच्या भिंतीतल्या बारीक वाहिन्याही आवळल्या जातात. त्यामुळे डाव्या निलयाच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळतं ते तो सैल पडतो तेव्हा. ७२ ठोके असताना एका ठोक्याला ०.८ सेकंद, त्यात सैल पडण्याला ०.५ च्या आसपास. चढावर ठोके वाढले की कात्री सगळ्यात जास्त लागते ती याच वेळेला. काम वाढलं आणि जेवायची सुट्टी कमी झाली. त्यात हा स्नायू बसल्या जागीसुद्धा रक्तातला ७० टक्के प्राणवायू काढून घेतो, त्यामुळे आणखी पिळून घ्यायला फारसं उरत नाही. जास्त हवा तर जास्त रक्तच यावं लागतं, आणि नळी तर चोंदलेली. बसल्यावर मागणी कमी झाली, दुखणं थांबलं. ते पित्त नव्हतं.

रंकाळ्यावर_फेऱ्या

वाचतोय. माझंही 'पित्त'च होतं, २०१९ साली. धागा वाचनखूण साठवला आहे.

निवृत्त_सिस्टर

कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी, स्टेंट करतात त्या विभागात) बरीच वर्षं काढली, तारेचं मी सांगते.

नाडी बघतो ना अंगठ्याखाली, तीच रोहिणी. तिथून दंडात, दंडातून काखेकडून खांद्याखाली, तिथून महारोहिणीत. उलट्या दिशेनं जायचं, पण रोहिण्यांमध्ये वाटेत झडपा नसतात, त्या शिरांमध्ये, म्हणजे रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या नळ्यांमध्ये, असतात. महारोहिणीच्या तोंडाशी एक झडप आहे, पण वर ताईंनी लिहिलंय तसं कोरोनरीची छिद्रं तिच्या अलीकडेच. त्यामुळे स्टेंट घालताना हृदयाच्या पोकळीत शिरायची गरजच पडत नाही. नळीच्या आतून दुखत नाही, म्हणून पेशंट जागा असतो. आमच्याकडे एक मामा टेबलावर पडल्या पडल्या कुस्तीचा निकाल विचारत होते.

जाता जाता: वेर्नर फोर्समन या जर्मन डॉक्टरनं १९२९ मध्ये स्वतःच्याच कोपराजवळच्या शिरेतून नळी घालून हृदयापर्यंत नेली आणि तशीच घेऊन एक्स-रे काढायला चालत गेला. ती शीर, म्हणून उजव्या बाजूला पोचली. तेव्हा लोकांनी वेड्यात काढला, १९५६ मध्ये नोबेल मिळालं.

आणि भाऊ, गोळ्यांचं हसण्यावारी नेऊ नका. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. नव्या जाळीवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून त्या गोळ्या असतात. मनानं बंद केल्या तर नळी एकदम बंद पडू शकते. त्या कधी कमी करायच्या ते फक्त डॉक्टर ठरवतील. आबांना आजच्या आज द्या.

फुटव्हॉल्व्ह

आबांना म्हणावं, मोटार पाण्यावर चालत नाही, लाईटीवर चालते. पाणी कितीबी असू दे, स्टार्टरपासून मोटारीला जाणारी वायर जळाली की बसली. कोरोनरी म्हणजे ती वायर.

खडू_फळा

उपमा चालेल, फक्त एक फरक आहे: इथे वायरीतून जातं तेही तेच रक्त.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर आबांना घेऊन बसलो. आधी वायरीचं सांगितलं. म्हणाले, "मग ती लाईट इरीतनं येती व्हय?" खडू_फळा ताई, तुमचीच शंका. डिझेलच्या टँकरचं सांगून बघितलं, की मागं हजारो लिटर असलं तरी इंजिनाचा पाईप वेगळा. ऐकून घेतलं, बोलले नाहीत.

मग पुस्तकातल्या त्या चित्रावर मी पेनानं महारोहिणीच्या तोंडाशी दोन ठिपके काढले आणि तिथून हृदयाच्या अंगावर दोन फाटे ओढले. एका फाट्यावर फुली मारली. (पोरगी चिडली, पुस्तक तिचं.) आबांनी त्या फुलीवर बोट ठेवलं. आमच्याकडे पूर्वी बैलगाडी होती, गळीत हंगामात ते स्वतः ऊस कारखान्यावर घालायचे. बराच वेळानं म्हणाले, "म्हंजे गाडीत दीड-दोन टन ऊस असला तरी बैलाला वैरण न्यारी घालाय लागती. असं सांग की मग."

गोळी घेतली. आता विचारतायत, पायात उतरलेलं रक्त वर कसं चढतं, खाली फुटव्हॉल्व्ह आहे का. सिस्टर, शिरांमधल्या त्या झडपांबद्दल जरा सविस्तर लिहाल का?