नकाशावरचा ठिपका आणि मसाई पठार

कुणीतरी लिहिलंय, कंदीलपुष्पाला, म्हणजे कंदिलासारखं फूल येणाऱ्या रानरोपाला, योग्य जागा कॉम्प्युटर नकाशावर दाखवतोय तर तिथं रोपं लावून मोकळं व्हायचं. इतकं सरळ असतं तर! वनस्पती कुठं जगेल याचा अंदाज बांधणाऱ्या या कॉम्प्युटर मॉडेलना बहुतेक वेळा हवामानाचा जो डेटा देतात, त्याचा नकाशावरचा एकेक चौकोनच साधारण १ किलोमीटरचा. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर तेवढ्यात उघडा जांभा, पाण्याचे खळगे, गवताळ माती असं सगळं येतं. दहा पावलांवर वनस्पती बदलते. नकाशाला ते एकच. कुठं शोधायचं एवढं तो सांगतो, पुढं चिखल तुडवायलाच लागतो.

आणि माशीचं काय? कंदिलाच्या नळीत आत वळलेले केस असतात. बारीक माशी शिरते, अडकते. केस सुकले की पराग घेऊन सुटते. नव्या जागी ती माशीच नसेल तर रोप जगेल, फुलेल, पण शेंग धरायची नाही. शिवाय कंद खाण्याजोगा, साळिंदर सोडतंय होय!

शिवाजी विद्यापीठाच्या बागेत कंदीलपुष्पं जपली आहेत, चांगलंच आहे. पण पठारावर लावलेली किती जगली यापेक्षा शेंगा किती फुटल्या आणि खाली आपसूक रोपं किती उगवली, ते मोजा. तेही निदान चार-पाच पावसाळे.