मदत हवी आहे: पून लिमचं तराफ्यानंतरचं आयुष्य

मंडळी, पून लिमवर लेख लिहितोय. हा चिनी तरुण ‘बेनलोमंड’ या ब्रिटिश मालवाहू जहाजावर स्टुअर्ड होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन पाणबुडीने जहाज बुडवलं. ५४ जणांत हा एकटाच वाचला. अटलांटिकमध्ये लाकडी तराफ्यावर १३३ दिवस! टॉर्चमधल्या तारेचा गळ केला, कॅनव्हासवर पावसाचं पाणी धरलं. शेवटी ब्राझीलच्या कोळ्यांनी उचललं.

एवढं सगळीकडे मिळतं, तेच ते. मला पुढचं हवंय. ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं, मग अमेरिकेत स्थायिक झाला, १९९१ मध्ये वारला. मधल्या वर्षांतल्या त्याच्या मुलाखती, किंवा ब्रिटिश जहाजांवरच्या चिनी खलाशांच्या पगाराबद्दल कुणी काही वाचलंय का? इंग्रजीतलंही चालेल.