अंगणातील कृत्रिम गवत विटले आणि झिजले आहे. दुरुस्त करावे की बदलावे?

प्रश्न (लातूर)

नमस्कार. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात आमच्या दारासमोरची हिरवळ वाळून गेली आणि ती पुन्हा लावण्याचे धैर्य काही झाले नाही. पुढे २०१९ मध्ये २० फूट लांब आणि १२ फूट रुंद अशा त्या जागेत ३५ मिलिमीटर उंचीच्या पात्यांचे कृत्रिम गवत बसवून घेतले. आता त्याचा रंग उडून ते राखाडी दिसते, झोपाळ्याखाली पाय घासून हातभर जागा उघडी पडली आहे, दोन पट्ट्यांमधला जोड उचकटला आहे आणि बैठकीच्या खिडकीसमोरची पाती एका तिरप्या पट्ट्यात वितळून चिकटल्यासारखी झाली आहेत. एका दुकानात सगळेच बदलण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या ठिकाणी हिरव्या रंगाचा फवारा मारून देतो म्हणाले. सासूबाई रोज संध्याकाळी तेथेच बसतात, त्यामुळे अंगण फार दिवस उखडून ठेवता येणार नाही. यातले काय दुरुस्त होण्यासारखे आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)

ताई, मी गेली काही वर्षे हेच काम करतो. खर्चाचा विचार करण्याआधी दोन गोष्टी तपासून पाहा. वर्षानुवर्षे एकाच जागी असलेली एखादी कुंडी सरकवून तिच्याखालचा रंग पाहा, म्हणजे ऊन न लागलेले मूळ गवत कसे होते ते कळेल. मग उघड्यावरची चार पाती चिमटीत धरून जोराने चोळा. बोटांना भुकटी लागली किंवा पाती तुटून हातात आली, तर अतिनील किरणांनी प्लॅस्टिक आतून ठिसूळ झाले आहे असे समजावे. तेवढ्या भागावर कोणताही इलाज चालत नाही. पाती लवचीक असतील, तर जे विटल्यासारखे दिसते त्यातला बराच भाग धूळ आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार यांचा असतो. पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून ते शिंपडा, काही वेळाने साध्या पाण्याने धुवा आणि नायलॉनच्या ताठ ब्रशने पाती ज्या दिशेला झोपली आहेत त्याच्या उलट दिशेने झाडा. तारेचा ब्रश मात्र अजिबात वापरू नका.

फवाऱ्याचा रंग मारून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही पाती बहुधा पॉलिएथिलिनची असतात आणि त्या प्लॅस्टिकला रंग धरत नाही, त्यामुळे काही दिवसांतच त्याचे पापुद्रे निघून ते पायाला आणि कपड्यांना लागतात.

झोपाळ्याखालच्या जागेला ठिगळ लावता येते, पण ते नव्या गवताचे लावू नका, कारण विटलेल्या अंगणात नवा हिरवा तुकडा दुरूनही डोळ्यांत भरतो. कडेचा किंवा भिंतीलगतचा, कोणाची नजर जात नाही अशा जागेचा जुना तुकडा काढून येथे बसवा आणि नवा तुकडा त्या कोपऱ्यात जाऊ द्या. कापताना गवत उलटे करून पाठीवरच्या टाक्यांच्या दोन ओळींमधून धारदार कटर चालवा. तुकडा बसवताना पात्यांचा कल आजूबाजूच्या गवताशी जुळला पाहिजे. तो उलट झाला तर एकाच रंगाचे गवतही दोन रंगांचे दिसते. जोडाखाली साधारण एक फूट रुंदीची जोडपट्टी अंथरून तिच्यावर दोन घटक मिसळून करायचे पॉलियुरेथेनचे चिकटद्रव्य लावा, पाती त्यात अडकू देऊ नका आणि वर विटा ठेवून एक दिवस तसेच राहू द्या. घरगुती रबरी डिंक आपल्याकडच्या उन्हात मऊ पडतो, तुमचा जोड कदाचित त्यामुळेच उचकटला असेल. हे काम सकाळी लवकर करावे, कारण दुपारी गवत तापून प्रसरण पावते आणि रात्री आक्रसले की जोडात फट पडते.

उत्तर २ (परभणी)

जोड उचकटण्यामागे डिंकाखेरीज जमीनही असू शकते. आमचे घर काळ्या मातीवर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे गवत ओढले जाते. मी दोनदा जोड चिकटवला आणि दोन्ही वेळा तो पुढच्या उन्हाळ्यात सुटला. शेवटी गवत गुंडाळून वीतभर माती काढली, मुरूम आणि खडी थरांनी धुमसली, वर दगडाची कच पसरून पाण्याचा उतार रस्त्याच्या बाजूला काढला, आणि मगच ते गवत पुन्हा अंथरले. तेव्हापासून जोड जागेवर आहे. आपले गवत मातीवर आहे की फरशीवर, हे लिहिले असते तर अधिक नेमके सांगता आले असते.

उत्तर ३ (नांदेड)

खिडकीसमोरचा पट्टा बहुधा काचेमुळे वितळला आहे. परावर्तन करणाऱ्या काचेवरून उसळलेले ऊन एका जागी एकवटते आणि पॉलिएथिलिन सुमारे ११५ ते १३५ अंश सेल्सियसला वितळते. एकदा चिकटलेली पाती सुटी होत नाहीत, म्हणून तो पट्टा कापून बदलावाच लागेल. मात्र आधी खिडकीला बाहेरून बांबूची चटई किंवा जाळी लावा, नाहीतर नवा तुकडाही त्याच वाटेने जाईल. काढलेले तुकडे कृपा करून जाळू नका, त्याचा धूर घातक असतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. गवत फरशीवर आहे. तुळशीच्या कुंडीखालचा रंग अजून गर्द हिरवा निघाला. इतरत्र पाती लवचीक आहेत, केवळ नैऋत्येकडच्या दोन फुटांत चिमटीत भुकटी येते. धुऊन आणि उलट झाडून रंग पुष्कळ उजळला. झोपाळ्याखाली कोपऱ्यातला जुना तुकडा बसवणार आहे. पात्यांमध्ये वाळू घालायची असते असे ऐकले. नदीची चालेल का?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)

नदीची नको. तिच्यातल्या गाळाने पाठीवरची निचऱ्याची भोके बुजतात आणि फरशीवर पाणी साचून वास सुटतो. धुतलेली, कोरडी, गोल कणांची सिलिका वाळू दर चौरस मीटरला ५ ते १० किलो घाला. गवत पूर्ण कोरडे असताना ती थोडी थोडी पसरून ब्रशने खाली उतरवा. पाती उभी राहायला आणि गवत जागेवर दबून राहायला तिची मदत होते. नैऋत्येकडचे दोन फूट गवत काढून तेथे शहाबादी फरशी किंवा कुंड्यांची रांग घ्यावी, असे मी सुचवेन. दुपारनंतरचे सगळे ऊन त्याच जागेवर येत असणार.