मदत हवी आहे : रेगन यांची तडजोड पुराणमतवादी मूल्यांत बसते का?
सप्रेम नमस्कार. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८३ साली, प्रतिनिधिगृहात विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत असताना, सभापती टिप ओनील यांच्याशी समझोता करून सोशल सिक्युरिटी ही निवृत्तिवेतन योजना सावरली. त्यासाठी झालेल्या कायद्यात निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६५ वरून ६७ करण्याचे ठरले. पण वेतनावरील नियोजित करवाढही ठरल्यापेक्षा लवकर लागू केली गेली. करकपातीचा आग्रह धरणाऱ्या नेत्याने हे स्वीकारणे मला तत्त्वच्युती वाटत नाही, कारण वृद्धांना दिलेला शब्द पाळणे आणि चालती संस्था मोडू न देणे हा पुराणमतवादाचा गाभाच आहे, असे मी मनापासून मानतो. मात्र सरकारचा व्याप घटवणे हेही त्याच विचाराचे मूल्य असल्याने माझी मांडणी तिथे अडते. करसवलती छाटून वैयक्तिक आयकराचा सर्वोच्च दर ५० वरून २८ टक्क्यांवर आणणाऱ्या १९८६ च्या द्विपक्षीय कायद्याने हा ताण सुटला, असे म्हणता येईल का? अभ्यासकांनी कृपया मार्गदर्शन करावे.