जामीन मंजूर, तरी पोरगा आतच: जेलमध्ये पगारी सोशल वर्कर हवेत की नकोत?

सई_कळवा
कच्च्या कैद्यांसोबत काम करते म्हणून लिहितेय. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा भेटला, मोबाइलचोरीची केस, १५ हजारांचा जामीन होऊन साडेचार महिने झालेले आणि हा आतच, कारण जामीनदार नाही. घरचा नंबर पाठ नाही, पत्ता काय तर "स्टेशनबाहेर वडापावची गाडी, मागे नाला, तिथे मावशी." दोन रविवार हिंडले तेव्हा मावशी सापडली, ती समजून बसलेली की पोरगा गावी पळाला. मग तिचं रेशनकार्ड, कॅश बेलचा (जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरायचा) अर्ज, तेव्हा कुठे सुटला. हे हिंडणं वकील करणार आहेत का? टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) 'प्रयास' १९९० पासून हेच करतंय, मग सरकारने प्रत्येक जेलला अशी पदं भरायला काय हरकत आहे?

काळा_कोट
ताई, कामाबद्दल आदर आहे, मुद्दा पटत नाही. १९७८ ची मोतीराम केस बघा, मध्य प्रदेशातला गवंडी, मॅजिस्ट्रेटने १० हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टाने त्याला हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर सोडलं. तुमच्या पोरालाही पहिल्याच दिवशी तसंच सोडलं असतं तर मावशी शोधायची वेळच आली नसती. कोर्टाची चूक तुम्ही पायपीट करून निस्तरताय आणि त्यामुळे ती चूक चालूच राहते.

निल्या_एमएसडब्ल्यू
माझा विरोध वेगळाय. रिसर्चसाठी जेलमध्ये फॉर्म भरून घेतलेत मी, शिपाई शेजारी उभा असताना कैदी संमतीची सही करतो, तिला संमती म्हणायचं? उद्या पगारही सरकारचा झाला तर तो तुम्हाला जेलचाच माणूस समजणार, दारूचं, घरच्या भांडणाचं तुमच्यापाशी बोलेल आणि ते रिपोर्टात जाऊन त्याच्यावरच उलटेल.

सई_कळवा
निल्या, ही भीती खरी आहे. मी कैद्याला विचारल्याशिवाय एक ओळ कोर्टात देत नाही आणि पदं भरली तर हा नियम लेखीच हवा.
वकीलसाहेब, जातमुचलका हवाच, पण मॅजिस्ट्रेट विचारतात राहतो कुठे, तारखेला येईल का, त्याचं उत्तर कोण आणून देणार? ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की जामीन होऊनही कैदी सुटला नाही तर प्रोबेशन ऑफिसर किंवा पीएलव्हीकडून (पॅरा लीगल व्हॉलंटियर, कायदेशीर मदत करणारे स्वयंसेवक) त्याच्या घरच्या परिस्थितीचा रिपोर्ट घेता येईल. तो करायला माणसं तर पाहिजेत ना.
आणि तो पोरगा तारखेला येतो. मावशीने रेशनकार्डाच्या कव्हरवर तारीख लिहून घेतलीय, गाडी बंद ठेवून त्याच्यासोबत येते.