अंतर बरोबर, पण पीळ?
सीएनसीसारख्या यंत्राच्या दोन रेल (ज्यांवरून यंत्राचा भाग सरकतो त्या पट्ट्या) दोन्ही टोकांना कॅलिपरने अंतर मोजून समांतर करण्याचा नेहमीचा सल्ला योग्यच आहे, पण त्याने अर्धंच काम होतं. अंतर शेवटपर्यंत सारखं असूनही गॅन्ट्री (दोन्ही रेलवरून सरकणारी आडवी चौकट) एका टोकाला जड चालू शकते, कारण दोन्ही रेल एका पातळीत नसतात, फ्रेमला पीळ असतो. कॅलिपरला तो दिसत नाही. मी तो दोऱ्याने तपासतो: रेलच्या चारही टोकांवर सारख्या उंचीचे ठोकळे ठेवायचे आणि मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा दोन्ही कर्णांवर सारखाच ताणायचा. मधोमध दोरे एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. फट दिसली तर पीळ आहे. आणि टेकले तरी खालचा दोरा वर घेऊन पुन्हा बघायचंच, कारण एकमेकांवर दाबले गेलेले दोरेही टेकलेलेच दिसतात. मधली फट अर्धा मिमी असेल तर एक कोपरा साधारण एक मिमी वर-खाली आहे. तिथे रेलखाली पातळ पत्र्याची शिम (उंची भरून काढणारा तुकडा) घालायची.

त्यानंतरच एक रेल सरळपट्टीला लावून पक्की आवळा. दुसरीचे बोल्ट सैल ठेवून गॅन्ट्री सावकाश पुढे सरकवत, ती जिथे असेल तिथलेच बोल्ट आवळत जा. आणि कृपा करून हे भर उन्हात करू नका. फ्रेम ॲल्युमिनियमची आणि रेल पोलादी असेल, तर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. मीटरभर लांबीत २० अंशांच्या फरकाला दोघांत सुमारे ०.२ मिमीचा फरक पडतो.