भरतीच्या सरावात वजन उतरतंय, मांड्या बारीक होतायत. खाण्यात चुकतंय की आरामात?

विजापूररोड_२४
धाकट्या भावासाठी विचारतोय. वय २१, उंची १७२ सेंमी, पोलीस भरतीची तयारी. पाच आठवड्यांत वजन ६४ वरून ६१ किलो. पोट आधीही नव्हतं, म्हणजे गेलंय ते मांड्या-खांद्यांतूनच. गोळा आधीपेक्षा अर्धा मीटर कमी जातोय, १६०० मीटरची वेळही अडकली आहे.

सराव आठवड्याचे सहा दिवस. पहाटे ५ ला १६०० मीटर फुल दम लावून, मग ३०० बैठका, १५० जोर. संध्याकाळी १०० मीटर आणि गोळा.
खाणं: पळून आल्यावर चहा-बिस्कीट, ११ ला तीन भाकरी आणि भाजी, ५ ला चहा, रात्री दोन भाकरी, आमटी-भात. अंडी चालतात, मटण-चिकन महिन्यातून एखादवेळ. झोप रात्री ११:३० ते ४:३०.
मुलं म्हणतात प्रोटीन पावडर चालू कर. घ्यावी का?

तालीम_ते_ट्रॅक
पावडरचं नंतर बघू. रोज घड्याळ लावून १६०० मारायचं म्हणजे रोज परीक्षाच द्यायची; अभ्यास कधी करणार? जोराच्या व्यायामात स्नायूचे धागे सूक्ष्म प्रमाणात तुटतात. ते सांधायला साधारण ४८ तास लागतात. चोवीस तासांच्या आत त्याच पायांवर पुन्हा तेवढाच भार टाकला की तुटणं चालू राहतं आणि सांधणं मागे पडतं.

३०० बैठकांनी दम वाढतो, गोळ्याला लागणारी ताकद फारशी वाढत नाही. शिवाय खाली बसताना स्नायू ताणला जात असतानाच भार घेतो, आणि सगळ्यात जास्त मोडतोड तिथंच होते. त्यापेक्षा खांद्यावर वजन घेऊन ८ ते १० बैठकांचे चार सेट, मधे दोन-तीन मिनिटं थांबून, आठवड्यातून दोनदा. जोरांचंही तसंच.

आठवडा साधारण असा लावा:
सोम – ४०० मीटर × ५, मधे ३ मिनिटं चालणं
मंगळ – ताकद
बुध – ३० ते ४० मिनिटं हळू पळणं. सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, धाप लागली तर वेग जास्त आहे
गुरु – १०० मीटर × ६ (मधे ४ मिनिटं), मग गोळा
शुक्र – ताकद, पण मंगळवारपेक्षा कमी सेट
शनि – एका आठवड्याला १६०० ची वेळ, दुसऱ्याला नुसता गोळा
रवि – काही नाही. क्रिकेटसुद्धा नाही.

दर चौथ्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. पोरांना हाच आठवडा जड जातो, कारण वाया गेल्यासारखा वाटतो. सकाळी अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायला सांगा. रोजच्यापेक्षा ८-१० ठोके जास्त लागले तर त्या दिवशी फक्त हळू पळणं.

मसल_किंग_सोलापूर
बीसीएए चालू कर बे. आणि पळाल्यावर ३० मिनिटांच्या आत व्हे पावडर नाही घेतली तर सगळी मेहनत वाया.

ज्वारी_हरभरा
किंगभाऊ, ती ३० मिनिटांची गोष्ट जुनी झाली. दिवसभरात एकूण प्रोटीन किती आणि ते किती वेळा विभागून मिळालं, हे जास्त महत्त्वाचं. बीसीएएमध्ये तीनच अमिनो आम्लं असतात. स्नायू बांधायला नऊच्या नऊ अत्यावश्यक आम्लं लागतात. तीनच दिली तर बाकीची सहा शरीर स्वतःच्या स्नायूतूनच काढणार. अंड्यात आणि दुधात नऊही आहेत.

आता हिशेब. एवढ्या सरावाला किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ६४ किलोला साधारण १०० ग्रॅम. सध्याचं ताट मोजलं तर: भाकरीला ६०-६५ ग्रॅम पीठ, म्हणजे ६ ग्रॅमच्या आसपास, पाच भाकऱ्या ३०. आमटी, भात, भाजी, चहातलं दूध मिळून १५. बेरीज ४५. निम्म्याहून कमी!

उरलेलं असं भरून काढा:
३ अंडी – १८ ग्रॅम
अर्धा लिटर दूध – १६
५० ग्रॅम फुटाणे – १०
४० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा हुलग्याची उसळ – ९
झाले ५३. अंडी नको त्या दिवशी ४० ग्रॅम सोयाबीन वड्या (२० ग्रॅम). मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून घट्ट पिळायच्या, नाहीतर वास राहतो आणि पोरं एका दिवसात सोडतात.

पण नुसत्या प्रोटीननं भागणार नाही. वजन उतरतंय म्हणजे एकूण खाणंच कमी पडतंय. पिठूळ पदार्थ कमी पडले की स्नायूतला ग्लायकोजनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा संपतो, आणि मग शरीर स्नायूतलं प्रोटीन मोडून यकृतात त्याची साखर करतं. म्हणजे घर पेटवून चूल चालवायची. पहाटे उपाशी पळणं थांबवा: अर्धा तास आधी दोन केळी किंवा पाच-सहा खजूर. पळून आल्यावर चहा-बिस्किटाच्या जागी दोन भाकरी, तीन अंडी, ग्लासभर दूध. दोन्ही जेवणांत दोन मोठे चमचे शेंगा चटणी वरून तेल घालून. तिच्यात तेल भरपूर, त्यामुळे पोट न फुगता उष्मांक वाढतात. मधल्या भुकेला कडक भाकरी दह्यात चुरून.

भाकरी आणि डाळ एका ताटात असू द्या. त्या नऊ आम्लांपैकी लायसिन ज्वारीत कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. झोपण्याआधी दूध घ्यायचंच, त्यातलं केसीन नावाचं प्रोटीन हळूहळू पचतं आणि रात्रभर पुरतं.

एवढं जमत नसेल तरच पावडर. ती दुधातल्या प्रोटीनचीच भुकटी आहे, एका मापाला २०-२५ ग्रॅम प्रोटीन.

रात्रपाळी
पाच तासांच्या झोपेवर कुणीच काही बोललं नाही. सांधण्याचं बरंचसं काम गाढ झोपेत चालतं, आणि अपुऱ्या झोपेत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, जे स्नायू मोडायलाच लावतं. ९:३० ला आडवा करा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. दुपारी अर्धा तास.

विजापूररोड_२४
वेळापत्रक आणि हिशेब दोन्ही छापून भिंतीवर लावतो. दोन प्रश्न राहिले. एक, तो शनिवार धरतो, दिवसभर फक्त साबुदाणा. दुसरं, त्याच्या ग्रुपमधल्या एका नवीन मुलानं परवा पैजेवर ५०० बैठका मारल्या. आज मांड्या सुजून टणक झाल्यात, जिना उतरता येत नाही, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय म्हणतो. दुखण्याची गोळी घेऊन पडलाय. उद्यापर्यंत बरं वाटेल ना?

फिजिओ_सातरस्ता
उद्यावर टाकू नका. आत्ता हॉस्पिटलला न्या.

ही नेहमीची अंगदुखी नाही. एकदम जास्त भारानं स्नायूपेशी फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रोटीन रक्तात उतरलं की लघवी अशी काळपट होते. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकून त्यांना इजा करतं, आणि पेशींतून सुटलेल्या पोटॅशियमनं हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तात सीपीके (स्नायू फुटल्यावर वाढतं), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवतं), पोटॅशियम आणि लघवीची तपासणी करतील. तपासणीच्या पट्टीवर लघवीत रक्त असल्याचं दिसतं पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नसतात, ही त्याची खूण. उपचार मुख्यतः सलाईनचा, आणि तो जितका लवकर तितका बरा. घरी पाणी पाजत बसून भागणार नाही.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन जातीच्या गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडावर आणखी ताण टाकतात. पुढची गोळी देऊ नका. मांड्या चोळायच्या नाहीत, शेकायच्याही नाहीत.

बाकीच्यांसाठी: हे नवख्याला, किंवा महिनाभर सुट्टी घेऊन परत आलेल्याला जास्त होतं. त्यात ताप, सोलापूरचा एप्रिल-मे आणि पाणी कमी, अशी जोडी जमली की धोका वाढतो. पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत धरून. ९ नंतर उन्हात जोराचा सराव नको.

ज्वारी_हरभरा
साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य. शनिवार धरू द्या, पण राजगिरा, दाण्याची आमटी, दही, दूध चालतं ना? एकादशी दुप्पट खाशी, तसा शनिवार. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅम प्रोटीन आहे. १६०० ची वेळ तेवढी शुक्रवारी घ्या आणि त्या दिवशीची ताकद सोडून द्या.

विजापूररोड_२४
त्याच्या घरी फोन केला, निघतोय.

फिजिओ_सातरस्ता
गाडीवर बसवून न्या, चालवू नका. गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या. किती घेतल्या, कधी घेतल्या ते डॉक्टरांना सांगा. कुठली पावडर चालू असेल तर तिचा डबाही. लघवी कधीपासून काळी आहे आणि शेवटची किती वाजता झाली, हे वाटेत विचारून ठेवा.